लिबरल आर्ट्स कॉलेजात चित्र-शिल्प शिकायचं म्हणजे काय? बडोद्यातल्या मराठी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी इथल्या मराठी घरांतली मुलं आमच्याकडे ड्रॉइंगला येतात. अकरावी-बारावीत पोहोचली की त्यांच्यातल्या काहींना पुढेही हेच शिकायचं असतं. पूर्वी पालक एवढंच विचारायचे की फाइन आर्ट्सला प्रवेश कसा मिळतो. आता कुणाचा आतेभाऊ अमेरिकेत असतो, कुणी पुण्याच्या नव्या विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन येतं आणि चित्रकलेबरोबर इतिहास, मानसशास्त्र, संगणक असं सगळं शिकता येतं म्हणतात ते खरं का, असं विचारतं. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

लिबरल आर्ट्स कॉलेजात स्टुडिओ आर्ट, म्हणजे प्रत्यक्ष चित्र-शिल्पाचं काम, घेतलं तर मुलं नेमकं काय शिकतात?

लिबरल आर्ट्स म्हणजे एका मुख्य विषयाबरोबर इतर अनेक विषय शिकायची पद्धत. ती अमेरिकेत रुजली, म्हणून तिथलं स्वरूप सांगतो. चार वर्षांत साधारण ३२ कोर्स, म्हणजे एका सत्रात चार. त्यातले १०-१२ कलेचे. सुरुवातीला ड्रॉइंग आणि रचनेचे पायाभूत कोर्स, मग पेंटिंग, शिल्प, प्रिंटमेकिंग (छापचित्रं), फोटोग्राफी, सिरॅमिक्स, व्हिडिओ यांतून आपली निवड. कलेतिहासाचे दोन-तीन कोर्स बहुतेक ठिकाणी घ्यावेच लागतात. उरलेले वीसेक कोर्स कलेच्या बाहेरचे: जीवशास्त्र, अर्थशास्त्र, एखादी भाषा, गणित, तत्त्वज्ञान.

प्रवेश कॉलेजला मिळतो, कला विभागाला नाही. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणतं हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सांगायचं असतं. त्यामुळे पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या वर्गात तुमच्या मुलीच्या शेजारी पुढे डॉक्टर होणारी मुलगीही बसलेली असते. शेवटच्या वर्षी मात्र कलेच्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी कामाची स्वतःची जागा मिळते, वर्षभर एकाच विषयावर काम करायचं असतं आणि शेवटी त्याचं प्रदर्शन मांडायचं असतं.

मग हे फाइन आर्ट्स कॉलेजपेक्षा वेगळं कसं?

वेळेच्या वाटपात. अमेरिकेतल्या बीएफए, म्हणजे फाइन आर्ट्सच्या, पदवीत साधारण दोन-तृतीयांश अभ्यास कलेचा असतो, लिबरल आर्ट्सच्या बीएत साधारण एक-तृतीयांश. आपल्या पुष्पबागेतल्या फॅकल्टीत, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये, चार वर्षांच्या बीव्हीए (व्हिज्युअल आर्ट्स) पदवीला पहिल्या दिवसापासून कलाच मुख्य असते. रोज सकाळी हातात कोळसा आणि समोर मॉडेल, हे सुख लिबरल आर्ट्सच्या विद्यार्थ्याला मिळत नाही. त्याचा स्टुडिओचा वर्ग आठवड्यातून दोनदा, सलग अडीच-तीन तासांचा असतो. बाकीचे तास त्याने संध्याकाळी आणि रात्री स्वतःहून काढायचे.

एवढे इतर विषय घेतले तर हात कच्चा राहणार नाही का?

राहू शकतो, आणि हा धोका आम्ही लपवत नाही. ड्रॉइंगचा हात तासांवर तयार होतो. जो विद्यार्थी फक्त वर्गातल्या तासांवर विसंबतो, त्याचं चौथ्या वर्षाचं काम कल्पनेला चांगलं आणि हाताला कमकुवत निघतं. अशा मुलांना आम्ही एकच अट सांगतो: रोज तास-दीड तास स्केचबुक, परीक्षा असो वा नसो.

पण इतर विषय म्हणजे चित्रकलेतून वजा झालेला वेळ, हे आम्हाला मान्य नाही, आणि त्याचं कारण बडोद्यातच आहे. १९५० मध्ये इथे फाइन आर्ट्स सुरू झालं तेव्हा ते वेगळं कलाविद्यालय म्हणून न काढता विद्यापीठाचा भाग म्हणून काढलं. हंसा मेहता तेव्हा कुलगुरू होत्या. चित्रकार घडवताना त्याला कलेतिहास आणि सौंदर्यशास्त्रही शिकवायचं हे इथे सुरुवातीपासून होतं. पेंटिंग शिकवायला आले नारायण श्रीधर बेंद्रे. ते मूळचे इंदूरचे, देवळालीकर सरांच्या हाताखाली शिकलेले. शिल्पकलेला शंखो चौधुरी होते. के. जी. सुब्रमण्यन थोड्या काळाने आले. सुब्रमण्यन आधी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि नंतर शांतिनिकेतनात चित्रकलेकडे वळले. पुढे त्यांनी चित्रं काढली, खेळणी केली, भित्तिचित्रं केली आणि कलेवर भरपूर लिहिलं.

भूपेन खक्कर चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६२ मध्ये ते बडोद्याला कलासमीक्षा शिकायला आले आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही बरीच वर्षं अर्धवेळ हिशेबाचं काम करत राहिले. त्यांच्या चित्रांतला घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी ही माणसं रोजच्या व्यवहारातली आहेत. नीलिमा शेख दिल्लीत इतिहास शिकल्या आणि मग इथे चित्रकलेला आल्या. गुलाममोहम्मद शेख चित्रकार आहेत तसेच गुजरातीतले महत्त्वाचे कवीही. या सगळ्यांच्या कामात दुसरीकडून आलेलं ज्ञान स्पष्ट दिसतं. म्हणून एखादी मुलगी ‘मला चित्रही काढायचंय आणि इतिहासही वाचायचाय’ म्हणाली, तर तिचं मन स्थिर नाही असं समजू नका. बडोद्यातली चित्रकला अशाच माणसांनी उभी केली आहे.

हे सगळं बडोद्यात राहून किंवा भारतात करता येईल का?

बऱ्याच अंशी. फाइन आर्ट्समध्ये प्रवेश घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा, इतर फॅकल्टींच्या व्याख्यानांचा उपयोग स्वतःहून करून घेणं हा सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते फार कमी लोक वापरतात तो मार्ग. त्यासाठी फक्त एक सायकल लागते. प्रवेशासाठी बारावीनंतर अभिरुची चाचणी असते, आणि तिथे नीटनेटकेपणापेक्षा बघण्याची सवय तपासतात.

नव्या विद्यापीठांत सोनिपतच्या अशोकात व्हिज्युअल आर्ट्स मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेता येतं, पुण्याच्या फ्लेममध्ये इतर विषयांबरोबर ललित कलांचे कोर्स घेता येतात. तिथे जाण्याआधी तीनच गोष्टी विचारा: स्टुडिओ रात्री उघडा असतो का, शिकवणारे स्वतः काम करणारे कलावंत आहेत का, आणि प्रिंट किंवा शिल्पासाठी प्रेस, भट्टी, वर्कशॉप आहे का. माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. तेवढ्यावर होईल का?

नाही. त्या परीक्षांनी शिस्त लागते, वेळेत काम संपवायची सवय होते, आणि ती कामाला येते. पण स्मरणचित्राचा ठरलेला साचा पोर्टफोलिओत ठेवला तर बघणाऱ्याला मूल दिसत नाही, क्लास दिसतो.

पोर्टफोलिओत काय ठेवावं?

अमेरिकन कॉलेजांत कलेचा पोर्टफोलिओ बहुधा ऐच्छिक असतो. अर्जासोबत ऑनलाइन जोडता येतो, आणि तो कला विभागातले प्राध्यापक बघतात. साधारण १०-२० कामं पुरतात. प्रत्येकाखाली नाव, माध्यम, आकार आणि वर्ष लिहायचं.

निम्म्याहून जास्त कामं प्रत्यक्ष बघून केलेली हवीत. मोबाइलवरच्या फोटोवरून काढलेली नटनट्यांची पोर्ट्रेट, कितीही हुबेहूब असली तरी, बाजूला ठेवा. देवादिकांच्या छापील चित्रांवरून केलेलं कामही तसंच. मेहनत दिसते, पण फोटोने आधीच सगळे निर्णय घेऊन टाकलेले असतात: प्रकाश कुठून, कडा कुठे संपते, काय सोडायचं. ते निर्णय मुलाने स्वतः घेतलेले बघायचे असतात.

बडोद्यात बघून काढायला जागांची कमी नाही. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. त्याच्यासमोर बसून फासळ्यांमधल्या मोकळ्या जागा काढायचा प्रयत्न करा, फासळ्या आपोआप बरोबर येतात. खंडेराव मार्केटच्या कमानींखाली सकाळी भाजीवाल्या मावशी बसतात. त्या हलत असतात, म्हणून दोन-दोन मिनिटांची पटपट स्केचेस होतात. जुन्या वाड्यांच्या लाकडी तुळया आणि त्यांखालचे कोरीव हत्ती काढताना कोनात चूक झाली तर लगेच कळते. घरातलंही चालतं. आजी भाजी निवडताना, ओट्यावरचा कुकर, दोरीवरचे कपडे. एका मुलीने आपल्या स्वयंपाकघरातली एकच मांडणी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माध्यमांत काढली होती. तिच्या पोर्टफोलिओतला तो भाग आम्हाला सगळ्यांत आवडला, कारण सकाळच्या उजेडात पितळेचे डबे कसे दिसतात हे तिला खरंच कळलं होतं.

स्केचबुकची दोन-तीन पानं जशीच्या तशी ठेवा, खाडाखोडीसकट. कामाचे फोटो सावलीतल्या उजेडात काढा, फ्लॅश बंद, काच काढून, कॅमेरा कागदाला समांतर. कडा नंतर सरळ कापा, पण रंग ‘सुधारू’ नका.

स्टुडिओच्या वर्गात प्रत्यक्ष काय चालतं?

एचिंगचं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापण्याचं, उदाहरण घेऊ. जस्ताचा पत्रा आधी खडूच्या पुडीने घासून त्याचं तेल काढतात. मग त्यावर मेण आणि डांबराचा पातळ थर देतात, तो सुकला की सुईने त्यात रेघा ओढतात. पत्रा पातळ केलेल्या नायट्रिक आम्लात ठेवला की रेघांवर बारीक बुडबुडे जमतात. ते पिसाने हळूच बाजूला सारायचे, नाहीतर रेघ तुटक खाल्ली जाते. किती वेळ ठेवायचं यावर रेघेचा काळेपणा ठरतो. थर टर्पेंटाइनने काढून टाकला की पत्र्यावर शाई चोळायची, जाळीच्या कापडाने गोल गोल पुसायची आणि शेवटी तळहाताच्या कडेने. इथेच मुलं चुकतात. जास्त पुसलं तर रेघेतली शाईही निघते, कमी पुसलं तर सगळं मळकट येतं. भिजवून टिपलेला कागद पत्र्यावर ठेवायचा, वर फेल्टची ब्लँकेट आणि प्रेसचं चाक फिरवायचं. कागद उचलला की आपण काढलेलं चित्र उलटं दिसतं, आणि नाव सरळ लिहिलं असेल तर तेही उलटंच.

हे काम घाईने होत नाही आणि एकट्याने नीट शिकता येत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून हाताचा दाब दाखवावा लागतो. बडोद्याला प्रिंटमेकिंगची मोठी परंपरा आहे. ज्योती भट्ट १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन आले आणि इथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना त्यांनी ते तंत्र दिलं. प्रिंटचा स्टुडिओ असलेलं कॉलेज मिळालं तर पहिल्याच वर्षी तो कोर्स घ्या.

क्रिटिक म्हणजे काय? माझं शिक्षण गुजराती माध्यमातून झालंय, सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलायची भीती वाटते.

ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी कामं भिंतीवर लावायची आणि प्रत्येक कामावर वर्गाने बोलायचं, ही क्रिटिक. पुष्कळ शिक्षक चित्र काढणाऱ्याला आधी गप्प बसवतात आणि बाकीच्यांना फक्त जे दिसतं ते सांगायला लावतात. ‘छान आहे’ चालत नाही. ‘माझी नजर आधी लाल खुर्चीकडे जाते आणि मग बाईच्या चेहऱ्याकडे जातच नाही’ हे चालतं. ऐकताना पहिल्यांदा मनाला लागतं. पण मायेपोटी खोटं कौतुक करणाऱ्या घरच्या माणसांपेक्षा हे ऐकणं मुलांना फार लवकर पुढे नेतं.

भाषेचं म्हणाल तर तयारी मराठीत करा. घरी रोज एक चित्र समोर ठेवून आई-बाबांना पाच मिनिटं फक्त काय दिसतं ते सांगा. विचार मराठीत स्पष्ट असला की इंग्रजीतली चार साधी वाक्यं पुरतात, आणि तिथे तुमच्यासारखी इतरही मुलं असतात ज्यांची इंग्रजी घरची भाषा नाही. मोठे शब्द पाठ करून गेलेली मुलं अडतात, दिसलेलं सांगणारी अडत नाहीत.

खर्च किती येतो? कर्ज काढावं का?

अमेरिकेतल्या मोठ्या खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजांचा राहण्या-जेवणासह छापील खर्च आता वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे आहे. एवढा सगळेच भरत नाहीत. काही कॉलेजं घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत देतात. अॅमहर्स्ट कॉलेजसारख्या मोजक्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याच्या अर्जाचा निर्णय घेतानाही त्याला मदत हवी आहे की नाही हे बघत नाहीत. बहुतेक ठिकाणी मात्र बघतात, त्यामुळे मदत मागितली की स्पर्धा कडक होते. तरीही गरज असेल तर पहिल्याच अर्जात मागा. आधी नको म्हणून नंतर मागितली तर सहसा मिळत नाही.

रंग, कॅनव्हास, कागद यांचा खर्च वेगळा धरा. काही कोर्सना साहित्याची वेगळी फी असते.

कर्जाबद्दल आमचं मत ठाम आहे. कलेच्या पदवीसाठी राहतं घर गहाण ठेवू नका. पुरेशी मदत मिळाली तर जरूर जा, नाही मिळाली तर इथल्या किंवा मुंबईच्या जे. जे. मधल्या पदवीने मुलाचं काही कमी होत नाही. बाहेर जायची संधी पुढे एमएफएला, म्हणजे कलेच्या पदव्युत्तर पदवीला, पुन्हा येते, आणि तेव्हा अनेक ठिकाणी शिकवण्याच्या बदल्यात फी माफ होते.

पुढे पोट कसं भरणार?

हा प्रश्न विचारणाऱ्या आई-बाबांचं काही चुकत नाही. केवळ चित्रं विकून घर चालवणारे कलावंत थोडेच असतात, हे मुलालाही अकरावीतच सांगा. बहुतेक जण कलेच्या आसपासचं काम करतात: शाळा-कॉलेजात शिकवणं, पुस्तकांची चित्रं, अॅनिमेशन, गॅलरी, म्युझियम, डिझाइन.

इथे इतर विषयांचा थेट उपयोग होतो. जुन्या चित्रांच्या आणि हस्तलिखितांच्या संवर्धनाचं काम घ्या. त्याच्या अमेरिकेतल्या पदव्युत्तर शिक्षणाला स्टुडिओ आणि कलेतिहासाबरोबर सेंद्रिय रसायनशास्त्रही सहसा लागतं. चित्रकला आणि रसायनशास्त्र दोन्ही एका छताखाली शिकायची सोय लिबरल आर्ट्स कॉलेजात असते. आर्किटेक्चरच्या तिथल्या तीन-साडेतीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही कोणत्याही विषयाची बीए आणि चांगला पोर्टफोलिओ चालतो. आपल्याकडे पोथ्या, लघुचित्रं, वाड्यांतली भित्तिचित्रं किती पडून आहेत हे बघितलं तर संवर्धनाकडे जाणारी चार मराठी मुलं हवीच आहेत.

अमेरिकेत पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी पुढची २४ महिन्यांची वाढ स्टुडिओ आर्टला नाही. हे जाण्याआधीच माहीत असावं.

जाण्याआधी बडोद्यात काय बघून घ्यावं?

कीर्तिमंदिर आधी. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचं चरित्र, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. गायकवाड घराण्याच्या स्मारकात बंगालच्या चित्रकाराने एवढं मोठं काम केलं, आणि शहरातली निम्मी मुलं ते न बघता बारावी होतात. भिंतीसमोर बसून एकच आकृती वहीत उतरवा, म्हणजे त्या रेषेचा वेग कळेल.

नंतर तांबेकर वाडा, रावपुऱ्यातला. बडोद्याच्या दिवाणांचा हा वाडा. आत मराठा काळातली भित्तिचित्रं आहेत, कृष्णलीलेपासून गोऱ्या लोकांपर्यंत. फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्म्यांची चित्रं आहेत, तिथे तैलरंगातल्या जरीच्या काठांजवळ जाऊन ब्रशचे फटकारे बघा. सयाजीबागेतल्या चित्रदालनात युरोपीय चित्रं आहेत. आणि शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला फाइन आर्ट्सचं वार्षिक डिस्प्ले लागतं, तेव्हा सगळ्या विभागांच्या स्टुडिओंतून फिरता येतं. विद्यार्थी आपल्या कामाशेजारीच उभे असतात, त्यांना विचारा. कॉलेज निवडायला याहून चांगली माहिती कुठे मिळत नाही.

घरी ऑइल पेंटिंग केलं तर चालेल का? वासाचा त्रास होतो.

खिडकी उघडी ठेवूनच करा, टर्पेंटाइनचा डबा झाकून ठेवा आणि तो मोरीत ओतू नका. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकते. चिंध्या पाण्यात बुडवून किंवा गच्चीवर सुट्या पसरून वाळवा. घर लहान असेल तर अॅक्रिलिक किंवा गवाश (पाण्यात मिसळायचे अपारदर्शक रंग) पुरे.

मी सायन्सला आहे. आता आर्ट्सला बदलू का?

नको. कोणत्याही शाखेची बारावी चालते, आणि रसायनशास्त्र पुढे कामाला येईल. बारावी पूर्ण कर, रोज स्केचबुक भर आणि येत्या रविवारी आईला घेऊन कीर्तिमंदिरात जाऊन ये. पोर्टफोलिओची कामं दिवाळीच्या सुट्टीत लावून बघू.